नववा प्रश्न

२ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. यांची झोप किती, जेवण किती, अंघोळ केली का, कोणाशी बोलले का, एवढंच लिहायचं. पण माझ्या हातात पेन आलं की ते एवढ्यावर थांबेल असं वाटत नाही. एकवीस वर्षं कचेरीसमोरच्या गाळ्यात बसून लोकांचे फॉर्म भरते आहे. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचं वय, दुसऱ्याचं कारण. दुपारी एक ते दोन कचेरीची खिडकी बंद असते, तेव्हा लिहीन.

तर: झोप तीन तास. जेवण अर्धं. अंघोळ नाही. बोलणं नाही.

हे चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. बसवायचे. दीड वर्ष घरी आहेत. उदासपणाच्या तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या, प्रत्येक चार-चार महिने. वजन वाढलं, तोंड सुकलं, बाकी काही हललं नाही. आज डॉक्टर म्हणाले, "आता केटामीनचा विचार करू."

मी म्हटलं, "ते काय असतं?"

"भूल द्यायचं जुनं औषध आहे. अगदी थोडं, सलाईनमधून, पाऊण तास. गोळ्यांनी ज्यांना गुण येत नाही त्यांच्यातल्या काहींना येतो. सगळ्यांना नाही, हे आधीच सांगतो. माझ्याकडे इथे सोय नाही. आपल्या या भागात मिळून तीन ठिकाणी देतात. बघून या, विचारून या, मग ठरवू."

मग यांच्याकडे वळून म्हणाले, "टोकाचे विचार येतात का कधी?"

मीच म्हटलं, "छे हो, यांच्या स्वभावातच नाही ते." हे आपल्या चपलांकडे बघत होते. डॉक्टर आणखी काही विचारणार होते, पण बाहेर तीस माणसं ताटकळली होती.

तीन पत्ते लिहून आणले आहेत. बऱ्याच दिवसांनी काहीतरी करण्यासारखं हातात आहे, त्याचंच बरं वाटतं आहे.

४ फेब्रुवारी, शनिवार

आज चक्क चांगला दिवस! हे सकाळी स्वतःहून उठले, कपाट उघडलं, आणि घराचे, विम्याचे, बँकेचे सगळे कागद वेगवेगळ्या फायलींत लावले. प्रत्येकीवर चिठ्ठी, तीही त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात. मग मला शेजारी बसवून विजेचं बिल फोनवरून कसं भरायचं ते शिकवलं. मी चिडवलं, "इतकी वर्षं गुपित ठेवलंत आणि आज बरी शिकवणी काढलीत?" तर म्हणाले, "तुला यायला हवं ना."

मला इतका आनंद झाला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं. माणूस मार्गी लागतो आहे.

झोप पाच तास. अंघोळ केली.

९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं ठिकाण बघितलं. याला मी आरशांचा दवाखाना म्हणते. बाजारपेठेत तिसऱ्या मजल्यावर. एका बाजूला केस लावतात, दुसऱ्या बाजूला त्वचा उजळवतात, मधल्या दाराने गेलं की केटामीन. जिकडे बघावं तिकडे आपणच दिसतो, आणि मी किती वाळले आहे ते बघण्याची मला मुळीच हौस नव्हती.

पण फॉर्म! असा फॉर्म मी जन्मात पाहिला नाही. जाड गुळगुळीत कागद, प्रत्येक प्रश्नाला मोकळी जागा, चौकटी एका रेषेत. मी बाहेरच्या सोफ्यावर बसून सात मिनिटांत भरून टाकला. माझा धंद्याचा नियम आहे: फॉर्म असा भरायचा की खिडकीतून परत येता कामा नये. जिथे 'हो' लिहिलं की जास्तीचा कागद मागतात तिथे 'नाही' लिहायचं, जोवर अगदी खोटं होत नाही तोवर. रक्तदाब? नाही. (रोज अर्धी गोळी आहे, पण ती घेतली की नसतोच ना.) मूत्राशयाचा त्रास? नाही. शेवटी मनःस्थितीचे नऊ प्रश्न होते, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं वगैरे. झोपेला, भुकेला मधल्या चौकटी दिल्या. नववा होता मरणाच्या विचारांचा. 'अजिबात नाही.'

हे शेजारीच बसले होते. सही करा म्हटलं, केली.

तिथले तरुण डॉक्टर फॉर्मवरून नजर फिरवून म्हणाले, "परफेक्ट! सहा सेशनचा कोर्स, २२ तारखेपासून सुरू करू." इतकं सोपं. मी हात जोडले त्यांना.

१३ फेब्रुवारी, सोमवार

दुसरं ठिकाण, मोठं हॉस्पिटल. बसने चार तास जायला, चार यायला. माणसं भली. फॉर्म अकरा पानी, निम्मी पानं आधीच्या पानांचंच विचारणारी. पण पाच महिने थांबा म्हणाले. तिथली बाई कळकळीने म्हणाली, "नाव लिहून ठेवते, कोणी गळालं तर फोन करीन." तिने आम्हाला पाणी दिलं आणि जिन्यापर्यंत सोडायला आली. नाव लिहून ठेवलं.

घरी आलो तर यांचा दुकानातला जोडीदार दारात उभा. तब्येत विचारायला आला होता बिचारा. हे आत गेले आणि आपली बारीक पेचकसांची पेटी घेऊन आले, ती जिला मला कधी हात लावू दिला नाही. "तू वापर. चांगली आहेत, पडून राहायला नकोत," म्हणाले. तो नको नको म्हणत होता. यांनी दिलीच. इतक्या आजारातही दुसऱ्याचा विचार करतात. असा नवरा मिळाला, मी खरंच नशीबवान.

झोप चार तास. माझी तीन, पण माझी कुठे लिहायची आहे.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन होता. एरवी हे "बरं आहे, आईला देतो" म्हणतात आणि सुटतात. आज वीस मिनिटं बोलले! ती लहानपणी सायकलवरून पडली त्याची गोष्ट सांगितली. "तुझा आम्हाला कधीच त्रास झाला नाही," असं म्हणाले. फोन ठेवल्यावर लेकीने मला वेगळा फोन केला. "आई, बाबा ठीक आहेत ना?"

मी म्हटलं, "अगं, उलट सुधारताहेत. आणि म्हणे तुझा कधीच त्रास झाला नाही? मला विचार!"

ती हसली नाही. "आई, तू जेवतेस का वेळेवर?" म्हणाली. ही पोरगी उगाच काळजी करते.

१८ फेब्रुवारी, शनिवार

तिसरं ठिकाण एकटीच बघून आले. यादीतलं शेवटचं नाव तेवढं खोडायचं बाकी होतं म्हणून.

जुन्या दाताच्या दवाखान्याची जागा. खाली सायकल दुरुस्ती, वर दोन खोल्या. बुधवारी आणि शनिवारी उघडतात. एक भूलतज्ज्ञ बाई, एक सिस्टर, बस्स. खुर्च्या चार, चारही वेगळ्या जातीच्या. आणि फॉर्म म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सचा झेरॉक्स. कागद तिरका, उजवीकडची अक्षरं कापलेली, आणि प्रश्न क्रमांक सात दोनदा! माझ्या गाळ्यावर कोणी असा कागद आणला असता तर मी दारातूनच परत पाठवला असता. ज्यांना धड सात-आठ मोजता येत नाही ते औषध काय मोजणार?

सिस्टर पन्नाशीच्या पुढची, नाकावर वाकडा चष्मा. "पेशंटला का नाही आणलंत?" म्हणाली.

मी म्हटलं, "ते घरी आहेत. त्यांचं सगळं मीच बघते."

"असं?" म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला नाही आवडलं.

यादीवर काट मारली. आरशांचा दवाखाना ठरला.

२० फेब्रुवारी, सोमवार

आमच्या डॉक्टरांना फोन करून ठरल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "दोन गोष्टी विचारून घ्या. औषध चालू असताना खोलीत माणूस कोण बसतं? आणि रक्तदाब कोण, किती वेळा बघतं? या औषधाने तो चढतो. त्यांनी माझं पत्र मागितलं का?"

पत्र मागितलं नव्हतं. मी आरशांच्या दवाखान्याला फोन लावला. मुलगी गोड बोलत होती. "खोलीत कॅमेरा आहे मॅडम."

"माणूस?"

"कॅमेऱ्यावर माणूस असतो मॅडम."

"आणि रक्तदाब?"

"फॉर्ममध्ये तुम्ही 'नाही' लिहिलंय ना मॅडम, मग काळजीच नको."

एकवीस वर्षांत माझ्या कुठल्या कागदावर कोणी इतका विश्वास ठेवला नसेल. कचेरीतला कारकून पाच वर्षांपूर्वीचा पत्ता सुद्धा खरा मानत नाही, पुरावा मागतो, आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालते. आणि इथे माझ्या एका 'नाही'वर माझ्या नवऱ्याच्या शिरेत औषध सोडणार होते, पट्टासुद्धा न गुंडाळता.

नाव काढून टाका म्हटलं. आता मोठ्या हॉस्पिटलला पाच महिने आहेत. राहिला तो तिरका झेरॉक्स. बुधवारी नेते. दुसरं आहे काय हातात?

२२ फेब्रुवारी, बुधवार

जे झालं ते झालं तसं लिहिते. अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

गेलो. सिस्टरने आधी यांना बसवलं, दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब घेतला, दहा मिनिटांनी पुन्हा घेतला. मी तोवर तिरका फॉर्म भरून काढला. या वेळी रक्तदाब 'हो' लिहिला, गोळीचं नावही लिहिलं. मला वाटलं, आता मी शहाणी झाले.

सिस्टरने कागद उचलला. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"पेशंट कोण आहे?"

"हे."

"मग अक्षर यांचं का नाही?"

मी म्हटलं, "अहो, त्यांना लिहायचा कंटाळा येतो हल्ली. आणि माझं हे रोजचंच काम आहे."

"छान आहे हो अक्षर. छापल्यासारखं." तिने माझा फॉर्म घडी करून खणात टाकला, दुसरा कोरा काढला आणि यांच्यापुढे पेन ठेवलं. "तुम्ही बाहेर बसा."

"त्यांना फार वेळ लागेल."

"लागू दे. मला कुठे गाडी पकडायची आहे?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. बाहेर बसले. खालून सायकलच्या चाकात हवा भरल्याचे आवाज येत होते. मनःस्थितीचे नऊ प्रश्न, दोनदा सात धरून दहा. मला चार मिनिटं लागतात. यांना चाळीस लागली.

आत बोलावलं तेव्हा भूलतज्ज्ञ बाईही बसल्या होत्या. सिस्टर यांना म्हणाली, "हे त्यांना कळायला हवं. तुम्ही सांगता का मी सांगू?"

यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

शेवटच्या प्रश्नापुढे, मरणाच्या विचारांच्या, 'जवळजवळ रोज' या चौकटीत खूण होती. बाजूच्या कोऱ्या जागेत मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: तिला सांगू नका. तिला खूप काम असतं.

आणि मग मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "खूण चौकटीच्या बाहेर गेली आहे."

मग हे हसले. अगदी थोडं, नाकातून. दीड वर्षात ऐकला नव्हता तो आवाज. तो ऐकला आणि मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. सिस्टरने माझ्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही.

बाईंनी आमच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन केला. आज औषध देणार नाही म्हणाल्या; आधी थोडे दिवस सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली राहायचं, मग शनिवारी नाही तर पुढच्या शनिवारी सुरुवात. यांना विचारलं, "चालेल का?" मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

हे म्हणाले, "चालेल."

संध्याकाळपर्यंत खाट मिळाली.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

यांच्या खाटेशेजारी बसून ही वही पहिल्या पानापासून वाचली.

४ तारीख. १३ तारीख. १६ तारीख. फायली, पेचकसं, लेकीचा फोन. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं, तारीखवार, टापटीप. आणि प्रत्येक ठिकाणी मी आनंदाने नाचते आहे. माणूस निघायची तयारी करत होता आणि मी लिहीत होते की मार्गी लागतो आहे.

मी विचारलं, "मला का नाही हो सांगितलंत?"

हे छताकडे बघत म्हणाले, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तूच उत्तर दिलंस."

रागावून नाही. पट्टी लावून मोजल्यासारखं साधं. मी हात धरून बसून राहिले.

सिस्टरने घरातल्या गोळ्यांचा डबा कुलपात ठेवायला सांगितला होता, तो ठेवून आले. लेकीला सगळं खरं सांगितलं. ती पहिल्या गाडीने निघाली आहे. मी पहिल्यांदाच तिला "येऊ नकोस, मी आहे ना" म्हटलं नाही.

१ मार्च, बुधवार

सरकारी दवाखान्यातला सातवा दिवस. गाळा बंदच आहे. लोक फोन करतात, मी सांगते, घरी आजारपण आहे. शेजारचा झेरॉक्सवाला माझी गिऱ्हाइकं परत पाठवतो आणि वर मला डबाही आणून देतो. आजवर त्याला पाच वेळा तरी टाकून बोलले असेन. इतकी माणसं आपल्या बाजूने उभी असतात हे मला ठाऊकच नव्हतं, कारण मी कोणाला कधी काही सांगितलंच नव्हतं.

झोप सहा तास. बोलणं: लेकीशी थोडं, डॉक्टरांशी बरंच. काय ते मला माहीत नाही, आणि विचारायचं नाही असं ठरवलं आहे.

४ मार्च, शनिवार

काल यांना घरी सोडलं. आज पहिलं केटामीन.

आधी रक्तदाब, मग पुन्हा तो तिरका फॉर्म, दर वेळी नव्याने. मी बाहेर. मग मला आत बोलावून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. "बोलायचं नाही, हात धरायचा नाही, ते मागतील तेव्हाच," अशी ताकीद. सिस्टर पूर्ण वेळ यांच्या उशाशी स्टूल टाकून बसली होती. दर दहा मिनिटांनी पट्टा फुगायचा. बाई दोनदा येऊन गेल्या. यांचे डोळे अर्धे मिटलेले. एकदा म्हणाले, "छत लांब गेलं." सिस्टर म्हणाली, "जाऊ द्या, येईल परत." एवढंच.

मी त्या स्टुलाकडे बघत होते. मळकं, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. दवाखाना निवडताना मी कागदाची जाडी बघितली. बघायचं हे होतं, की माणूस बसतं का आणि उठून जातं का.

घरी आल्यावर हे झोपले. फरक विचाराल तर काही नाही.

८ मार्च, बुधवार

दुसरं. उलटी झाली. हे म्हणाले, "नको आता." सिस्टर म्हणाली, "बरं. शनिवारी या, नुसतं बसायला. नको असेल तर नको." शनिवारी गेलो. बसलो. मग हे आपणच म्हणाले, "चला." मी एक अक्षर बोलले नाही. जीभ दातांखाली धरली होती, अजून दुखते आहे. (हे शनिवारचं आज, १२ तारखेला लिहिते आहे.)

१६ मार्च, गुरुवार

काल चौथं झालं. आज सकाळी मी चहा दिला. एक घोट घेतला आणि म्हणाले, "पाणी जास्त झालंय."

दीड वर्ष मी चहा दिला आणि यांनी तो प्यायला. गार असला तरी, साखर विसरले तरी. मी कप उचलला, नवा चहा केला, आणि स्वयंपाकघरात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत रडत होते. लेक म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "अगं, नाव ठेवलं त्यांनी माझ्या चहाला!" तिला वाटलं मी आता कामातून गेले.

माझी झोप: सात तास. लेकीने सांगितलं, तुझीही लिही. लिहिली.

२५ मार्च, शनिवार

सहावं झालं. निघताना हे सिस्टरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जरा चष्मा देता?" तिने दिला. यांनी खिडकीपाशी नेऊन दोन्ही काड्या बोटांनी दाबल्या, उजेडात धरून बघितला, पुन्हा जरासा वाकवला, आणि तिच्या नाकावर परत ठेवला. सिस्टर म्हणाली, "अगंबाई, म्हणजे आमचा फॉर्म तिरका नव्हता, चष्माच होता!"

"तिरकाच आहे," मी म्हटलं. "मी तुम्हाला नवा करून देते, सरळ, सात एकदाच." (आता पुढचं २९ तारखेला लिहिते आहे.) खरंच करून दिला आज बुधवारी, पन्नास प्रती. तिने घेतल्या, आभार मानले. या बाईचं मी काय देणं लागते ते कुठल्या कागदावर मावणारं नाही, तेव्हा पन्नास प्रती तर पन्नास प्रती.

२६ एप्रिल, बुधवार

आता महिन्यातून एकदा जायचं. हे आठवड्यातून तीन दिवस दुकानात जातात, अर्धा वेळ. सगळे दिवस सारखे नाहीत. गेल्या मंगळवारी भिंतीकडे तोंड करून पडून होते आणि मी भिंतीइतकीच गार पडले होते.

आज फॉर्म भरून झाल्यावर यांनी आपणहून मला दाखवला. नवव्या प्रश्नापुढे खूण 'काही दिवस' या चौकटीत. चौकटीच्या बरोब्बर आत.

हे म्हणाले, "'अजिबात नाही' लिहिणार होतो. तुला बरं वाटावं म्हणून."

"मग?"

"मग नाही लिहिलं."

मला 'अजिबात नाही' हवं होतं, ते का खोटं सांगू? देवाजवळ तेच मागते. पण ते मी एकदा स्वतःच्या हाताने लिहून बघितलं आहे. म्हटलं, "चांगलं केलंत." आणि मनापासून म्हटलं.

९ मे, मंगळवार

आज गाळ्यासमोर रांग होती. नवीन अर्जांची शेवटची तारीख जवळ आली आहे, मान वर करायला फुरसत नाही. एकाचा फॉर्म झाला की पुढचा कागद ओढायचा, नाव विचारायचं, लिहायचं. असे चौघे झाले. पाचव्याचं नाव विचारलं तर उत्तर नाही. मान वर केली तर हे.

दुकानातून आले होते, अंगात कामाचा कोट तसाच, बोटांना काचेची पांढरी भुकटी. पुढे सरकता आलं असतं, माझं नाव घेऊन हाक मारता आली असती. पण हा माणूस जन्मात कधी रांग मोडून पुढे गेला नाही. चौघांच्या मागे उन्हात उभा राहिला होता.

मी म्हटलं, "अहो, काय झालं?"

हे हळूच म्हणाले, मागच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून वाकून, "आज 'काही दिवस'मधला दिवस आहे. सकाळपासून. एकट्याने बसवत नाही."

मी पेनाचं टोपण लावलं. मागच्या बाईला म्हटलं, "ताई, उद्या या, तुमचा पहिला घेते." ती कुरकुरली. तिच्या मागचे दोघेही कुरकुरले. मी शटर ओढलं.

सिस्टरला फोन केला. बंदचा दिवस होता तिचा. "या, मी किल्ली घेऊन पोचते," म्हणाली. आमच्या डॉक्टरांनाही कळवलं. आम्ही चालत निघालो. मी काही विचारलं नाही, काही सुचवलं नाही. अर्ध्या वाटेत यांनीच बोलायला सुरुवात केली, आणि जिना येईपर्यंत बोलत होते.

आता हे आत सिस्टरशी बोलताहेत. मी बाहेरच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. आज हे आपणहून गाळ्यावर आले. आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आले आणि आपल्या तोंडाने सांगितलं. झोप किती, जेवण किती, ते उद्या लिहीन.